म्हैस आडवी आली

लोखंडी सामानाच्या दुकानात एक खोकं असं असतंच, ज्यात काय आहे ते मालकालाही धड सांगता येत नाही. वाकडे खिळे, जोडी हरवलेले नट, अर्धी बिजागरी. टाकवत नाही, विकलं जात नाही, आणि दर दिवाळीला साफसफाई करताना ते आणखी जड लागतं. फटफटीवरून पडलेल्या माणसांचे किस्से माझ्याकडे असेच साठले. मुद्दाम गोळा केले नाहीत. माझं दुकान बोर्ली पंचतनच्या बाजारात आणि बरोबर समोर लेले डॉक्टरांचा दवाखाना. पडलेला माणूस आधी माझ्या पायरीवर टेकायचा, पाणी प्यायचा, आणि मग रस्ता ओलांडून आयोडिन लावून घ्यायला जायचा. म्हणजे कच्चा माल माझ्याकडे उतरायचा, पक्का समोर तयार व्हायचा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाचा हा काळ. आमच्या टापूत फटफट्या चार. एक डॉक्टरांची, एक हसनमियाँची, एक शाळेतल्या मास्तरांची आणि एक माझी. रस्ता म्हणाल तर तांबडी माती आणि वर खडी. पावसाळ्यानंतर खडी कुठे गेली ते ओढ्याला विचारायचं. आम्हा चौघांची संध्याकाळची बैठक दवाखान्याच्या ओट्यावर.

तर पडणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असायचं. काय झालं? "म्हैस आडवी आली." कोण पडलं, कुठे पडलं, काही विचारा, म्हैस आडवी आली. गावात म्हशी मोजून वीस-पंचवीस. पण पडलेल्यांचं ऐकलं तर वाटावं, अख्ख्या कुलाबा जिल्ह्यातल्या म्हशींची बोर्लीच्या रस्त्यावर ड्यूटी लागली आहे.

डॉक्टरांनी यावर एक नियम काढला. आयोडिनचा बोळा हातात धरायचा, जखमेपासून चार बोटांवर थांबायचं आणि म्हणायचं, "म्हैस सोडून बोला. खरं कारण?" खरं कारण तोंडातून निघेपर्यंत बोळा टेकायचा नाही. निघालं की त्यांचा कंपाउंडर बाबू ते एका वहीत लिहायचा. पडणाऱ्याचं नाव आणि पुढे एकच शब्द. डॉक्टर म्हणायचे, "रोग कळल्याशिवाय औषध द्यायचं नसतं. पडणं हाही रोगच आहे, आणि त्याची म्हशीपासून लागण होत नाही."

त्या वहीत डॉक्टरांचं स्वतःचं नाव नव्हतं, आणि येऊन चालणारही नव्हतं. गाडी घरी आली त्या दिवशी सुमतीवहिनींनी त्यांच्याकडून तुळशीसमोर शब्द घेतला होता. "ज्या दिवशी पडाल, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी विकायची." डॉक्टरांनी शब्द दिला. हा शब्द नवराबायकोतला असला तरी आमच्या सगळ्यांच्या उरावर होता. कारण दिघीपासून दिवेआगरपर्यंत दुसरा डॉक्टर नव्हता. गाडी होती तोवर ते अर्ध्या तासात कुठेही पोचत. गाडी गेली तर बैलगाडी, आणि बैलांना कुणाच्या कळांची घाई नसते.

* * *

वहीतली पहिली नोंद माझीच. लपवण्यात अर्थ नाही, गावाला पाठ आहे.

म्हसळ्याला चुलत पुतणीचा साखरपुडा होता. मी नवं धोतर नेसलो, कोट घातला आणि फटफटीवर बसलो. नदीच्या पुलापर्यंत स्वारी झोकात गेली. तिथे मागच्या साखळीने माझ्या धोतराचा सोगा धरला आणि असा काही आग्रह केला की नाही म्हणायची सोयच उरली नाही. गाडी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि धोतर साखळीत.

कुणीतरी गोणपाट दिलं. ते गुंडाळून मी दवाखान्यात आलो. गुडघा फुटलेला, वर कोट, खाली गोणपाट.

डॉक्टरांनी बोळा धरला. "खरं कारण?"

"म्हैस आडवी आली," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि धोतर तिला नेसवून आलात का, शेट?"

बाबूने लिहिलं: शेट, धोतर. त्या दिवसापासून मी गाडीवर पाटलोण घालायला लागलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही त्यात तलाठ्यासारखे दिसता." दोन महिने शेतकरी माझ्याशी जपून बोलत होते.

* * *

हसनमियाँ सगळा जन्म जहाजावर काढून आलेला माणूस. जहाजावर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. गावी परतताना पेटीत अत्तराच्या बाटल्या आणि जोडीला ही फटफटी घेऊन आला. गाडी चालवायचा तीही जहाजासारखीच. समोर कुणी दिसलं की हॉर्न. हॉर्न दिल्यावर त्याची जबाबदारी संपली, पुढचं ज्याने त्याने बघावं.

म्हसळ्याकडचा घाट उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून हा इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचा. एकदा अर्ध्या घाटात ब्रेकने मान टाकली. हसनमियाँ हॉर्न देत देत तीन वळणं उतरला, आणि चौथ्या वळणावर वळण डावीकडे गेलं, तो सरळ गेला. करवंदीच्या जाळीने झेलला म्हणून वाचला. काटे काढायला बाबूला दुपार पुरली नाही.

"खरं कारण?"

"डॉक्टरसाब, अल्ला कसम, म्हैस होती."

"घाटात?"

हसनमियाँने दंडातला एक काटा स्वतःच उपटला. मग म्हणाला, "आता खरं सांगतो. बत्तीस वर्षं जहाजावर होतो. जहाजाला कुठं ब्रेक असतो? थांबायचं असलं तर मैलभर आधीपासून तयारी करायची."

"मग केलीत का तयारी?"

"केली ना. कलमा पढलो."

डॉक्टर हसले, पण त्या संध्याकाळी हसनमियाँच्या गाडीचे दोन्ही ब्रेक माझ्या दुकानासमोर उघडून बसले आणि नवे घातल्याशिवाय उठले नाहीत. जेवायला बोलावणं तीनदा आलं.

* * *

फटफटीवरून पडून डोक्याला मार लागलेला बाहेरगावचा एक कंत्राटदार दिघीला डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावला, तेव्हा डॉक्टर आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "शेट, गुडघा शिवता येतो, डोकं येत नाही. काहीतरी आणा."

मी व्यापारी माणूस. मुंबईला गेलो, जुन्या बाजारात लढाईतले लोखंडी टोप पडले होते, ते दोन डझन उचलून आणले. दुकानात माळ करून टांगले. वाटलं, आठवड्यात खपतील.

खपले खरे. पण डोक्यासाठी नाही. एकीने तांदूळ मोजायला नेला, एकाने होडीतलं पाणी उपसायला नेला, आणि वडवलीतल्या एका घरी आजही त्यात कोंबड्या पाणी पितात. फटफटीवाल्यांपैकी डॉक्टरांनी एक घातला. मी लाजेकाजेस्तव घातला. हसनमियाँ म्हणाला, "मी टोपी घालतो ती खुदासाठी. रस्त्यासाठी वेगळी घालणार नाही."

शेवटी डॉक्टर एवढंच म्हणाले, "चला, निदान कोंबड्या तरी सुरक्षित झाल्या."

एक टोप उरला तो उरला. लहान मापाचा होता. कुणाच्या डोक्यात बसेना म्हणून मी फळीवर टाकून दिला.

* * *

मास्तर आमच्यातले सगळ्यांत शिस्तीचे. वळणावर हात दाखवायचे, मागे कुणी नसलं तरी. पण गाडीवर ओझं किती घालावं, याचं गणित त्यांना कधी सुटलं नाही.

शाळेसाठी नवा फळा आला होता. श्रीवर्धनहून आणायचा. बैलगाडीने दोन दिवस लागतील म्हणून मास्तरांनी गणपत शिपायाला मागे बसवलं आणि फळा त्याच्या हातात आडवा दिला. इकडे दोन हात बाहेर, तिकडे दोन हात बाहेर. खाडीच्या बांधावर येईपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे वारा आला. गणपतने फळा सोडला नाही, कारण तो सरकारी होता. मग वाऱ्याने फळा, गणपत, मास्तर आणि फटफटी अशा क्रमाने उचलून चिखलात ठेवलं.

हसनमियाँला कळल्यावर तो हळहळला. "मास्तर, वारा फिरला की आधी शीड उतरवायचं असतं. एवढं पण शिकवत नाहीत शाळेत?"

पण खरी मजा दवाखान्यात झाली. शाळा तपासणारे साहेब नेमके गावात आलेले. शाळेच्या मालाची अशी वाहतूक केली म्हणून आपल्यावर ठपका येईल, या भीतीने मास्तर म्हणाले, "गाडी गणपत चालवत होता."

गणपत बिचारा मान खाली घालून म्हणाला, "व्हय. मीच व्हतो."

डॉक्टरांनी दोघांना समोर उभं केलं. "हे बघा, मी पडलेली माणसं रोज बघतो. गाडी चालवणारा पडला की दोन्ही हात पुढे टाकतो, त्याचे तळवे सोलतात. मागे बसणारा पडला की बुडावर आपटतो. यात कधी फरक पडत नाही. मास्तर, हात दाखवा."

मास्तरांनी हात मागे घेतले.

"बरं. गणपत, तू जरा त्या बाकावर बस बघू."

गणपतने बाकाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाला, "साह्येब, आज उभाच ऱ्हातो. आठ दिवस तरी बसाचं न्हाय जमायचं."

बाबूने लिहिलं: मास्तर, फळा. तपासणीच्या साहेबांनी फळा पाहिला आणि शेरा मारला की फळ्यावर चिखल कसा, याचा खुलासा व्हावा. मास्तरांनी खुलाशात काय लिहिलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

* * *

दिवेआगरच्या वाटेवर मी पडलो तो सुपारीमुळे. बागायतदार बापूंनी अंगण भरलं म्हणून सुपारी रस्त्याच्या कडेला वाळत घातली होती, आणि कडा भरली म्हणून थोडी रस्त्यावरही. बघायला फार छान दिसते. चाकाखाली आली की गोट्या.

मी आडवा. कोपरातून रक्त. बापू घरातून धावत आले. मला बरं वाटलं, म्हटलं माणुसकी आहे. ते माझ्याजवळ येऊन वाकले आणि माझ्या कोटाखालची सुपारी गोळा करायला लागले.

"बापू, मी पडलोय हो."

"पडा पडा, सावकाश पडा," बापू म्हणाले. "हलू मात्र नका, दोन तुमच्या पाठीखाली आहेत."

पुढे डॉक्टर गाडी घेऊन बापूंच्या घरी गेले, अंगणात बसून चहा प्याले आणि रस्त्यावर सुपारी न घालण्याचं वचन घेऊनच उठले. बापूंनी पाळलंही. पुढच्या वर्षी त्यांनी रस्त्यावर कोकम वाळत घातले.

* * *

माझा मेव्हणा मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला आला, माझी गाडी मागून घेतली, दिवेआगरला गेला. तिथे माडीने त्याचं स्वागत झालं. त्या वेळी दारूबंदी कडक. परतताना तो सपाट रस्त्यावर, भर दुपारी, कुणी आडवं नसताना पडला.

दवाखान्यात आणला तर बाकावर पोलीस जमादार आधीच बसलेले. त्यांना गळू झालं होतं. डॉक्टरांनी सवयीने बोळा धरला आणि विचारलं, "म्हैस सोडून बोला. खरं कारण?" विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाकावर कोण आहे.

मेव्हण्याने जमादारांकडे पाहिलं. "म्हैस आडवी आली," तो शक्य तितक्या सरळ जिभेने म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "असेल, असेल." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी म्हशीवर विश्वास टाकला.

जमादार बाकावरूनच म्हणाले, "डॉक्टर, म्हशीला पण तपासा. वास इथवर येतोय."

मग त्यांनी गळू दाखवायला पाठ फिरवली आणि डॉक्टरांचं काम होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले. भला माणूस. वहीत काय लिहायचं, यावर बाबू अडला. डॉक्टर म्हणाले, "पाहुणा, असं लिही."

* * *

आणि मग एका भाद्रपदात डॉक्टर पडले.

तापाची साथ होती. डॉक्टर तीन दिवस गाडीवरून उतरले नव्हते, दिघी, वडवली, बोर्ली, पुन्हा दिघी. चौथ्या दिवशी सकाळी ते पायी आले. एका हाताने गाडी ढकलत, दुसरा हात कोपरापासून लाल. आम्ही तिघे ओट्यावर होतो. बाबू दिघीलाच थांबला होता, त्यामुळे आतून वहिनी आल्या. त्यांनी नवऱ्याला बाकावर बसवलं, बाटली उघडली, बोळा बुडवला आणि चार बोटांवर थांबल्या.

"खरं कारण?"

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही काय करणार?

"म्हैस आडवी आली," डॉक्टर म्हणाले.

कुणी हसलं नाही. वहिनींचा हात तसाच. मग मास्तर, ज्यांना जन्मात कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं, ते पुढे होऊन म्हणाले, "वहिनी, गाडी मी चालवत होतो."

हसनमियाँ म्हणाला, "नाही भाभी, मी होतो."

मी म्हणालो, "मी मागे बसलो होतो, हललो."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग तिघं हात दाखवा. आणि भाऊजी, तुम्ही जरा बसा बघू."

आम्ही तिघेही खाली बघायला लागलो. डॉक्टरांनी दोन्ही तळवे पुढे केले. सोललेले होते. "डोळा लागला गं," ते म्हणाले. "क्षणभरच."

वहिनींनी बोळा टेकवला. वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: डॉक्टर, झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची चावी माझ्या गल्ल्यावर ठेवली. "भाऊजी, विकून टाका. शब्द होता."

* * *

मी आजवर गंजलेला पत्रा विकला आहे, मुंबईत कुणी घेईना असं कुलूप विकलं आहे. पण ती गाडी मला चार महिन्यांत विकता आली नाही. गिऱ्हाईक यायचं नाही असं नाही. यायचं, टाकीवर हात फिरवायचं आणि विचारायचं, "पडलेली आहे का?"

"छे, गाडी कुठली पडतेय," मी म्हणायचो. "माणसं पडतात. बसा, सांगतो." आणि चहा मागवून धोतरापासून सुरुवात करायचो. घाटातले ब्रेक, फळा, सुपारी, झोप, एक एक करून सगळं. मग हळूच विचारायचो, "तुम्हाला मेव्हणे किती?"

पेणच्या बाजूचा एक मिठागरवाला चांगला नोटा खिशात घेऊन आला होता. तो म्हणाला, "चार."

"मग राहू द्या," मी म्हणालो. तो चहा पिऊन बैलजोडी बघायला गेला.

आमच्या सौभाग्यवती आतून सगळं ऐकत असायच्या. एकदा म्हणाल्या, "दुकान काढल्यापासून पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खरं बोलताय, तेही माल खपू नये म्हणून."

इकडे डॉक्टर बैलगाडीतून फिरत होते. सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचायचा. वडवलीला एका बाळंतिणीकडे बोलावणं आलं. मूल आडवं होतं. डॉक्टर पोचले तेव्हा सुईणीने जीव एकवटून सुटका केली होती. आई-बाळ दोघं वाचली, पण थोडक्यात. डॉक्टर घामाघूम होऊन दारात उभे राहिले, तेव्हा घरातली म्हातारी रागावली नाही. पान लावत म्हणाली, "या डाक्तर. आता बारशाला तरी येळेवर निघा. आजच बैल जुंपा."

डॉक्टरांनी ही गोष्ट घरी सांगितली, हसत हसतच. वहिनी हसल्या नाहीत म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. "भाऊजी, गाडी गेली का?"

"नाही ना वहिनी. गिऱ्हाईकं येतात, पण काय होतं की..."

"पण तुम्ही त्यांना मेव्हणे विचारता. ऐकलंय मी." त्यांनी हात पुढे केला. "चावी."

"म्हणजे विकायची नाही?"

"विकायची आहे. शब्द म्हणजे शब्द. पण तुम्ही सावकाश गिऱ्हाईक बघा. दहा-बारा वर्षं लागली तरी चालतील."

तेव्हापासून वहिनी डॉक्टरांच्या मागे बसून जायला लागल्या. मांडीवर औषधाची पेटी, आणि पदराला टाचणी. नवऱ्याची मान जरा कलली की पाठीत टाचणी. बाजारात बायका तोंडाला पदर लावायच्या. वहिनी त्यांना हात करून पुढे जायच्या. डॉक्टर ओट्यावर सांगायचे, "झोप गेली, पण पाठीची चाळणी झाली."

महिनाभराने वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साखळीवर पत्र्याचं झाकण बसवून द्या. लुगड्याला काळं लागतं." मी माझं धोतर आठवलं आणि दुहेरी पत्रा घातला. जाता जाता त्यांचं लक्ष फळीवर गेलं. "तो लहान मापाचा टोप अजून आहे होय? द्या." आमच्या हिच्या तोंडून निघालं, "मागे बसायला टोप कशाला?" वहिनी म्हणाल्या, "असू दे. ऊन लागतं."

हसनमियाँने ओट्यावर एकदा सहज म्हटलं, "डॉक्टरसाब अलीकडे लई शहाण्यासारखी गाडी चालवायला लागलेत. काल दिघीच्या बाजूने येताना दुरून आवाज ऐकला. प्रत्येक वळणावर हॉर्न, उतारावर इंजिन चालू. मी म्हटलं, हे कोण आलं?"

मास्तर म्हणाले, "वय होतंय त्यांचं."

* * *

त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. मी, मास्तर आणि हसनमियाँ ओट्यावर, बाबू आत बाटल्या पुसत होता. दिघीच्या रस्त्याने दोघं नवराबायको पायी येताना दिसली. मध्ये गाडी, तिचं हँडल वाकडं. वहिनींच्या डोक्यावर लोखंडी टोप, लुगडं धुळीने लाल. डॉक्टर गाडी ढकलत होते, जरा पाय फाकवून.

बाबूने दोघांना आत घेतलं. आम्हीही मागोमाग गेलो. बाबूने बाक पुसला.

"डॉक्टर, बसा."

"मी उभाच बरा आहे," डॉक्टर म्हणाले.

"बसा ना, बघू कुठे लागलंय."

"उभाच बरा आहे म्हटलं ना. आधी यांना बघ."

वहिनी बाकावर नीट मांडी घालून बसल्या. टोप काढून बाजूला ठेवला, केस सारखे केले आणि दोन्ही हात पुढे केले. तळवे मनगटापर्यंत सोललेले होते.

बाबूने तळव्यांकडे पाहिलं. मग उभ्या डॉक्टरांकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. हसनमियाँ वरची कौलं मोजायला लागला. मी दुकानाकडे गिऱ्हाईक आलं का ते बघितलं. नव्हतं.

बाबूने बोळा आयोडिनमध्ये बुडवला आणि जखमेपासून चार बोटांवर थांबला. समोर वहिनी होत्या. पण नियम डॉक्टरांचाच.

"वहिनी," तो म्हणाला, "खरं कारण?"

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हैस आडवी आली," त्या म्हणाल्या.

"केवढी मोठी होती," उभ्या उभ्याच डॉक्टर म्हणाले.

बाबूने बोळा टेकवला. मग वही उघडली, दौतीत टाक बुडवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लिहिलं: म्हैस.